तळखडा नसलेले खांब : बाबांसोबत ग्रीस

ग्रीसला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सँटोरिनीला गेलात ना?" नाही गेलो. त्या बेटावरचा निळा घुमट एकही पाहिला नाही. बाबांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात, साताऱ्याकडच्या शाळा-पुलांवर देखरेख करण्यात गेली. त्यांना ग्रीसमध्ये बघायचे होते खांब, आणि त्यातही डोरिक, म्हणजे ग्रीक खांबांच्या तीन प्रकारांतला सगळ्यात साधा. "आयोनिकला वेटोळी आहेत, कोरिंथियनला पानं आहेत. याच्याकडे काहीच नाही, मग हा एवढी शतकं चालला कशावर?" असा त्यांचा सवाल. त्यासाठी त्यांनी निघण्याआधीच एका वहीत तक्ता आखून ठेवला होता: देऊळ, साल, उंची, बुंध्याची रुंदी, आणि शेवटी 'उंची भागिले रुंदी'.

शेंगेन व्हिसा, मुंबईहून एक थांबा घेऊन विमान, सगळं सुरळीत झालं. एप्रिलचा पहिला आठवडा होता.

पहिला दिवस : अथेन्स, हेफेस्टसचं देऊळ

मेट्रोतून मोनास्तिराकीला बाहेर पडलो आणि आधी वास आला. रस्त्याकडेची कडू संत्र्यांची झाडं ऐन बहरात होती. फळं खाण्यालायक नसतात, मुरांबा तेवढा करतात; पण एप्रिलमध्ये त्या फुलांचा घमघमाट गल्ल्यागल्ल्यांतून असतो. पाठीवर बॅगा, वरून ऊन, तरी बाबा दोनदा थांबले.

दुपारी प्राचीन अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात गेलो. अॅक्रोपोलिसच्या, म्हणजे पार्थेनॉन असलेल्या टेकडीच्या, आधी इथे यावं असं माझं स्पष्ट मत. टेकाडावरचं हेफेस्टस या लोहारांच्या देवाचं देऊळ इ.स.पू. पाचव्या शतकातलं, आणि आजही जवळजवळ पूर्ण उभं आहे, कारण मध्ये कित्येक शतकं ते सेंट जॉर्जचं चर्च होतं. वापरातली इमारत टिकते, हे बाबांचं जुनं म्हणणं. समोर ६, बाजूने १३, कोपऱ्यातले दोनदा न मोजता एकूण ३४ खांब. आत जाता येत नाही, पण चहूबाजूंनी फिरता येतं आणि गर्दी कमी असते.

बाबा आधी खाली बघत होते. "याला तळखडा नाही." आपल्या वाड्यांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतोच. डोरिक खांब मात्र थेट जोत्यावर उभा. खालून वर निमुळता होत जातो, अंगावर उभ्या पन्हळी, बहुधा २०. दोन पन्हळींच्या मधली कड धारदार. वर एक फुगीर गोल भाग, त्यावर चौकोनी पाट, की संपला खांब. पन्हळींमुळे दुपारच्या उन्हातही प्रत्येक खांबावर सावलीच्या रेघा पडतात. गुळगुळीत खांब एवढ्या उजेडात सपाट दिसला असता.

मग मान वर गेली. तुळईच्या वरच्या पट्ट्यात तीन उभ्या पट्ट्यांचा एक ठोकळा, मग एक चौकोनी फरशी, परत ठोकळा. त्या ठोकळ्याला ट्रायग्लिफ म्हणतात, फरशीला मेटोपी. ट्रायग्लिफच्या खाली दगडातच कोरलेल्या छोट्या खुंट्या लोंबतात. मी वाचून आले होते की मुळात ही देवळं लाकडी होती आणि ट्रायग्लिफ म्हणजे तुळयांची टोकं, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो. सांगायची गरजच पडली नाही. "अगं, ही तुळईची टोकं आणि या मेखा! सुतारकाम दगडात उतरवलंय," बाबा म्हणाले. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही, असं मी हळूच सांगून पाहिलं. "त्यांनी कधी छप्पर घातलंय का?"

खरी गंमत कोपऱ्यात आहे. नियम असा की प्रत्येक खांबाच्या बरोबर मध्यावर एक ट्रायग्लिफ हवा. आणि दुसरा नियम असा की पट्टा कोपऱ्यात ट्रायग्लिफनेच संपला पाहिजे. दोन्ही एकदम जमत नाही, कारण ट्रायग्लिफ खांबाच्या मध्यावर ठेवला तर कोपऱ्यात फटीएवढी जागा उरते. मग ग्रीकांनी काय केलं, तर कोपऱ्यातला खांबच आत सरकवला. बाबांनी बाहेरून पावलं टाकून पाहिली. शेवटचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधली जागा, स्पष्ट लहान आहे. एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक देवळात नजर आधी तिथेच जाते.

रात्री जेवायला टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत. शाकाहारी मंडळींसाठी अतिशय कामाचा शब्द देते: 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाचं. ईस्टरच्या आधी सात आठवडे ग्रीक लोक उपवास धरतात, त्यात मांस, अंडी, दूध-दही काही चालत नाही. या काळात निस्तीसिमो आहे का विचारलं की भाज्या, कडधान्यं, भात भरलेले टोमॅटो असं बरंच पुढे येतं. फक्त कोळंबी-कालवं-माकुळ त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढं आधी सांगून ठेवावं. आम्ही पिवळ्या डाळीचं घट्ट 'फावा' आणि रानभाजी 'होर्ता' घेतली. दोन्हींवर ऑलिव्ह तेल इतकं सढळ हाताने, की बाबांनी प्लेट तिरकी करून वेटरला दाखवली. त्याने कौतुक समजून आणखी ओतलं.

दुसरा दिवस : पार्थेनॉन

अॅक्रोपोलिसचं तिकीट ऑनलाइन, ठरावीक वेळेचं, ३० युरो. सकाळी ८ची वेळ घ्या. १०नंतर क्रूझवाल्यांचे लोंढे येतात. वरचा संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय, त्यामुळे रबरी तळव्याचे बूट हवेतच. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. बाबांचे गुडघे लिफ्टच्या बाजूने होते, बाबा नव्हते.

पार्थेनॉन हे अथीना देवीचं देऊळ, इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळातलं. इक्टिनोस आणि कॅलिक्रॅटिस वास्तुकार, शिल्पांवर फिडियसची देखरेख, पेंटेली डोंगराचा संगमरवर. समोर ८ खांब, बाजूने १७, उंची साधारण १०.४ मीटर. हे आकडे बाबांना पाठ होते. वर पोचल्यावर त्यांनी केलं काय, तर पूर्वेच्या कोपऱ्याजवळ दोरीबाहेर वाकून, एक डोळा मिटून, पायरीच्या कडेने लांबवर पाहिलं. पलीकडे उभ्या जर्मन बाईंना वाटलं यांना चक्कर आली. त्या पाण्याची बाटली घेऊन धावल्या. बाबांनी त्यांनाही वाकायला लावलं.

जोतं सपाट नाही. मध्यावर फुगलेलं आहे: समोरच्या बाजूला सुमारे ६ सेंटिमीटर, लांब बाजूला सुमारे ११. लांबून बघताना कळत नाही, कडेने पाहिलं की पायरी मध्ये उचललेली स्पष्ट दिसते. "पाण्याला उतार," बाबा लगेच म्हणाले. असेलही. लांब आडवी रेघ मध्ये झोल आल्यासारखी भासते, ते टाळायला हा फुगवटा दिला, असंही म्हणतात. पण प्रकरण जोत्यावर थांबत नाही. खांब ओळंब्यात नाहीत. बाहेरच्या रांगेतला प्रत्येक खांब सुमारे ७ सेंटिमीटर आत झुकलेला आहे. कोपऱ्यातले खांब इतरांपेक्षा किंचित जाड, कारण त्यांच्यामागे भिंत नसून उघडं आकाश असतं आणि तिथे खांब बारीक दिसतो. कोपऱ्यातला गाळाही लहान: एरवी खांबांच्या मध्यांतलं अंतर साधारण ४.३ मीटर, कोपऱ्यात ३.७. आणि प्रत्येक खांबाला मध्ये अगदी हलका फुगवटा, दोन सेंटिमीटरसुद्धा नाही.

"म्हणजे एकही दगड सरळ काटकोनात कापलेला नाही," बाबा म्हणाले आणि तिथल्या कठड्यावर बसून राहिले. मी फोटो काढत होते. जरा वेळाने म्हणाले, "आमच्या काळात कॉन्ट्रॅक्टरने हे ड्रॉइंग बघितलं असतं तर टेंडरच भरलं नसतं."

खांब अखंड नाहीत. दहा-बारा गोल तुकडे, त्यांना ड्रम म्हणतात, एकावर एक बसवलेले. मध्ये चुना नाही, काही नाही. तुकड्यांच्या पोटात चौकोनी खळगा, त्यात लाकडी गुटका आणि खुंटी. आडवे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडून भोवती शिसं ओतलं, म्हणून ते लोखंड टिकलं. देवळाची खरी वाट लावली ती १६८७च्या वेढ्याने. आत तुर्कांचा दारूगोळा होता, व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा त्यावर पडला आणि मधले खांब उडाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते परत उभे केले, पण त्या दुरुस्तीतलं लोखंड शिशाशिवाय बसवलं. ते गंजून फुगलं आणि संगमरवर फुटू लागला. १९७५पासून नवी दुरुस्ती चालू आहे, आता टायटॅनियम वापरतात. नवा दगड पांढराशुभ्र, जुना मधाच्या रंगाचा. कुठे काय बदललं ते लपवत नाहीत. गंजाने फुगून फुटलेले स्लॅब बाबांनी आयुष्यभर पाहिलेत, त्यामुळे हा भाग त्यांनी मला दोनदा समजावून सांगितला.

जवळच्या दगडाला हात लावू नका. शिट्टी वाजते आणि सगळे वळून बघतात.

तिसरा दिवस : कोरिंथ आणि निमिया

भाड्याची गाडी घेतली. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा, बहुतेक गाड्या गिअरच्या असतात. टोलनाके बरेच लागतात, सुटे युरो हाताशी असू द्यावेत.

प्राचीन कोरिंथ अथेन्सपासून तासा-सव्वा तासावर. पानांनी नटलेल्या खांबाला ज्या शहराचं नाव, तिथे आज उठून दिसतात ते अपोलोच्या देवळाचे सात डोरिक खांब! इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यातले, म्हणजे पार्थेनॉनपेक्षा शंभरेक वर्षांनी जुने. आणि हे अखंड आहेत: सव्वासात मीटरचा एकेक दगड. खडबडीत चुनखडी, वर एकेकाळी गिलावा होता. वहीत भागाकार झाला: चारच्या थोडा वर. पार्थेनॉनचा साडेपाच आला होता. "हा घाबरलेला इंजिनीयर आहे. पडायला नको म्हणून जाड केलाय." मला मात्र या सगळ्या सहलीत हेच खांब आवडले. बुटके, रुंद, मागे अॅक्रोकोरिंथचा उभा डोंगर. पार्थेनॉनचा तोल डोळ्यांना लागत नाही, कोरिंथच्या खांबांवरचं ओझं मात्र दिसतं.

निमिया तिथून अर्ध्या तासावर, द्राक्षमळ्यांतून. झ्यूसचं देऊळ इ.स.पू. ३३०च्या सुमाराचं, आणि खांब एकदम सडपातळ. उंची पार्थेनॉनएवढीच, पण भागाकार सहाच्या वर. यातले तीनच खांब कधी पडले नाहीत. बाकीचे ड्रम शेजारच्या शेतात पसरलेले होते. त्यांतून कोणता कोणाचा हे जुळवत सहा खांब परत उभे केलेत, आता नऊ दिसतात. इतकी शांतता की मधमाश्या ऐकू येत होत्या. पर्यटक आम्ही दोघं आणि एक सायकलवाला. जवळच खेळांचं मैदान आहे. खेळाडू ज्या दगडी बोगद्यातून आत येत, त्याच्या भिंतींवर त्यांनी कोरलेली नावं अजून आहेत.

मुक्काम गावातल्या एका घरगुती लॉजवर. मालकीणबाई साठीच्या, इंग्रजी पाच-सहा शब्दांचं, पण बाबांशी त्यांचं उत्तम जमलं. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्या खूश, कारण त्यांचाही उपवास. टोमॅटोतल्या मोठ्या पांढऱ्या, राजम्यासारख्या दाण्यांची भाजी ('गीगांतेस' म्हणून मागवा), पाव, काळे ऑलिव्ह आणि शेवटी 'हलवा'. रवा ऑलिव्ह तेलात भाजून, साखरेचा पाक, दालचिनी, बदाम. तुपाऐवजी तेलातला शिराच. बाबांनी हातवारे करून रवा किती भाजायचा ते विचारलं. बाईंनी सरळ कढई आणून रंग दाखवला. निमियाची लाल वाइन प्रसिद्ध आहे, आयोर्यीतिको जातीच्या द्राक्षांची. मी घेतली. बाबांनी वास घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला.

चौथा दिवस : ऑलिम्पिया

ट्रिपोलीवरून डोंगरातला रस्ता, तीनेक तास. ऑलिम्पिया एप्रिलमध्येच बघावं: अवशेषांमधली जुडास झाडं गुलाबी-जांभळ्या फुलांनी लगडलेली, खाली हिरवळ.

हेराचं देऊळ म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. इ.स.पू. ६००च्या सुमाराचं, डोरिक देवळांतलं फार जुनं. मूळचे खांब लाकडाचे; जसजसा एकेक खराब झाला तसतसा दगडी बसवत गेले, शतकानुशतकं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसॅनियस हा प्रवासी इथे आला तेव्हा एक ओकचा खांब अजून शिल्लक होता, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणून इथे दोन खांब सारखे नाहीत. एक अखंड, दुसरा तुकड्यांचा. एकाचं डोकं पसरट आणि फुगीर, दुसऱ्याचं जवळजवळ सरळ. बहुतेकांना २० पन्हळी, एकाला १६. काहींच्या अंगावर चौकोनी कोनाडे कोरलेत. ज्या पिढीत खांब बदलला, त्या पिढीच्या पद्धतीचा बसवला. बाबा एकेकाचा माथा बघून जुना-नवा ठरवत होते. इतकं खुश मी त्यांना नातवाच्या बारशानंतर पाहिलं नव्हतं. ऑलिम्पिकची ज्योत आजही याच देवळासमोर आरशाने पेटवतात. बाबांनी त्या जागेकडे पाहिलंही नाही.

झ्यूसचं देऊळ शेजारीच, आणि ते आडवं झालेलं. लिबॉन या स्थानिक वास्तुकाराने इ.स.पू. ४५७च्या आसपास पुरं केलं. फिडियसची झ्यूसची मूर्ती, जुन्या सात आश्चर्यांतली, इथेच होती. इसवी सनाच्या सहाव्या शतकातल्या भूकंपांनी खांब बाहेरच्या बाजूला कोसळले आणि ड्रम पडले तसेच ओळीने एकमेकांवर रेलून आहेत. सव्वादोन मीटर रुंद ड्रमशेजारी बाबा उभे राहिले, ड्रमची कड त्यांच्या डोक्याच्या वर गेली. जवळून पाहिलं तर दगडात शिंपलेच शिंपले, अख्खे, नखाएवढे आणि तळहाताएवढे. हा दगडच शिंपल्यांचा. त्यावर पांढरा गिलावा देऊन संगमरवराचा आव आणला होता. एक खांब २००४मध्ये परत उभा केलाय, त्यावरून उंचीचा अंदाज येतो.

स्टेडियमवर शाळेची सहल आली होती. १९२ मीटरची धाव, दगडी आरंभरेषा शाबूत. बाईंनी मुलांच्या तुकड्या पाडल्या आणि शिट्टी मारायला शेजारी उभ्या बाबांनाच सांगितलं. त्यांनी दोन बोटं तोंडात घालून अशी मारली की पहारेकरी धावत आला.

पाचवा दिवस : बासे, धुक्यात

आंद्रित्सेना गावाच्या पुढे नकाशाने गाडी एका वाडीतून घातली. रस्ता गाडीएवढा, पुढे शेळ्या. मागे घ्यायला जागा नाही. एक आजोबा आले, शेळ्यांना नाही तर मला हाका घालत, खुणा करत गाडी त्यांनी अंगणातून वळवून दिली. या भागात पाट्या बघून जा, फोनवर विसंबू नका. पेट्रोल खालीच भरा.

बासेचं अपोलो एपिक्युरिओसचं देऊळ डोंगरात ११३० मीटर उंचीवर. ग्रीसमधलं युनेस्कोच्या यादीत गेलेलं पहिलं ठिकाण (१९८६). आणि ते दिसत नाही! १९८७पासून त्यावर प्रचंड पांढरा तंबू आहे, दगडाला पाऊस-बर्फापासून जपायला. बाहेर धुकं, चार अंश तापमान, आत वाऱ्याने तंबू फडफडतोय आणि पोलादी दोरांच्या मधोमध करड्या चुनखडीचे खांब. फोटोत काही येत नाही. पण मध्येच उभं राहिल्यासारखं इतकं जवळून डोरिक देऊळ दुसरीकडे बघायला मिळत नाही. पॉसॅनियसच्या मते हेही इक्टिनोसचं. तोंड पूर्वेला नाही, उत्तरेला. बाहेर सगळे डोरिक, आत आयोनिक, आणि आतच जगातला सर्वांत जुना ज्ञात कोरिंथियन खांब होता. आतली शिल्पपट्टी आता लंडनला. तिकीटखिडकीतल्या माणसाने आमची अवस्था बघून थर्मासमधला डोंगरी झाडपाल्याचा चहा दिला, मधासकट.

शेवटचा दिवस : सुनियो

अथेन्सला गाडी परत केली आणि समुद्रकाठच्या बसने सुनियोला गेलो, दोनेक तास. डावीकडे नाही, जाताना उजवीकडची खिडकी धरा. पोसायडनचं देऊळ कड्याच्या टोकावर, खाली समुद्र, खांब पांढरेशुभ्र. एकावर कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे, पण दोरीबाहेरून दिसत नाही.

बाबा पन्हळी मोजत होते. समोरून अर्धाच खांब दिसतो, म्हणून मोजून दुप्पट. आले १६. शेजारच्या बाकावरच्या ग्रीक गृहस्थांनी मान हलवली, डोरिकला वीसच. मग दोघांनी मिळून मोजलं, मग भांडले, मग मी सांगितलं की इथे खरंच १६ आहेत; पन्हळी कमी आणि रुंद, त्यामुळे कडाही कमी. इथला संगमरवर मऊ आहे, खारा वारा खातो, म्हणून असं केलं असावं, असा एक तर्क आहे. मध्ये फुगवटाही नाही. गृहस्थांना ते पटलं नाही. त्यांनी पिस्त्यांची पुडी काढून दोघांत ठेवली आणि वाद पुढे चालू झाला.

परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच चालकाला विचारून घ्या. सूर्यास्त बघून सगळे एकदमच थांब्यावर येतात. आम्हाला जागा मिळाली. बाबांनी वही काढली, सुनियोचा भागाकार पुरा केला, पावणेसहाच्या आसपास, आणि पानाच्या तळाला दोन रिकाम्या ओळी आखल्या: पेस्टम आणि सेजेस्टा, इटलीतली डोरिक देवळांची ठिकाणं. "सिसिलीतल्या त्या सेजेस्टाला खांब उभे केले पण पन्हळी कोरायच्याच राहिल्या म्हणे. काम अर्धवट राहिलेलं बघायला मिळेल. इटलीला हाच व्हिसा चालतो ना?"

चालतो, पण आमचा एकदाच प्रवेशाचा होता. पुढच्या वेळी अर्जात 'मल्टिपल एंट्री' मागा.